उपड्या कपाखालचा खडा

१

एका पत्राचं उत्तर मी कधी लिहिलंच नाही. कीटमान्सहूप गावाहून आलेलं, वहीच्या रेघांच्या कागदावरचं छोटंसं पत्र. त्यात एकच प्रश्न होता: ‘मास्तर, तुम्हाला कळलं कसं?’

उत्तर मला ठाऊक होतं. लिहायलाही अनेकदा बसलो. पण पहिली ओळ झाली की वाटायचं, ही बढाई झाली. दुसरी झाली की वाटायचं, मुख्य ते राहूनच गेलं. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं सांभाळलेल्या माणसाचा हात स्वतःचं काही लिहिताना अडखळतो. पत्र कोणाचं ते आत्ताच सांगत नाही. रहस्यकथा म्हणून सांगायला घेतली आहे, तर एवढा नियम पाळायला हवा.

त्या सकाळी आमच्या ल्युडरिट्झ गावावर इतकं दाट धुकं होतं की वाचनालयाचं दार हाताला लागलं तेव्हाच दिसलं. किल्ली नेहमीप्रमाणे पन्हळीमागच्या खिळ्याला होती. गावात ज्याला वाचता येतं त्याला ती जागा माहीत होती, आणि ज्याला येत नाही त्यालाही.

आत खिडकीशी काचेची टाकी होती. टाकी जागच्या जागी, पण रिकामी.

आदल्या संध्याकाळी तिच्यात कलिंगडाएवढा एक दगड होता. दगडाला केल्पचा, म्हणजे आमच्या समुद्रातल्या त्या दोरखंडासारख्या रानाचा, मुळासकट गड्डा चिकटलेला होता. गड्ड्याच्या बेचक्यांत काचेसारखी आरपार दिसणारी, करंगळीच्या पेराएवढी शेवंडाची पिल्लं होती. तळाला दगडाबरोबर वर आलेल्या खडीचा थर होता. सगळं गेलं होतं. खडीसुद्धा.

त्या दगडावर गावाचं पोट होतं. ‘नॉर्डक्लिप मरीन’ नावाच्या कंपनीला समुद्राचा तळ जहाजानं शोषून हिरे काढायचे होते. त्यासाठी तिनं जो पट्टा मागितला होता, त्यात ‘दोन बहिणींचा खडक’ येत होता. आमचे मच्छीमार पिढ्यान्पिढ्या शेवंडं धरतात ती त्या खडकाच्या आसपासच. कंपनीचा अहवाल नियमाप्रमाणे लोकांना वाचायला माझ्या वाचनालयात ठेवलेला होता. अख्खा वाचणारा बहुधा मी एकटाच. त्यात छापलं होतं: ‘सपाट वाळू. जीवसृष्टी नगण्य.’ फिलेमोन कूपरनं ती ओळ वाचली आणि तो मोठ्यानं हसला. मग हसायचा थांबला. हंगामाच्या शेवटच्या फेरीत त्याचा पिंजरा खडकात अडकला आणि ओढल्यावर हा दगड, पिल्लं, खडी असं सगळं घेऊन वर आला. संध्याकाळच्या जनसुनावणीत तोच आमचा पुरावा होता. पिल्लं ठेवायला मत्स्यखात्याची परवानगीही आम्ही काढली होती. टाकी माझ्या ताब्यात, सहीसकट.

फरशी ओली होती, कुणीतरी घाईत पुसलेली. कोपऱ्यातला समुद्राच्या पाण्याचा ड्रम, टाकीत भर घालायला ठेवलेला, तोही रिकामा. आणि टेबलाखाली माझा चहाचा कप फरशीवर उपडा पडला होता.

मी कप उचलला. खाली वाटाण्याएवढा एक करडा खडा होता.

गुन्ह्याच्या जागी कशालाही हात लावू नये, असं माझ्या सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं आहे. मी कप होता तसाच पुन्हा खड्यावर ठेवला. माझ्या आयुष्यात एवढी मोठी चूक मी दुसरी केली नसेन.

२

वाचनालय म्हणजे सभागृहाचीच मागची खोली. सभागृहात मेमे शिकोंगो, म्हणजे शिकोंगोबाई, कागद लावत बसल्या होत्या. पर्यावरण खात्याच्या अधिकारी, राजधानीहून आलेल्या. त्यांनी माझं चाचरत चाचरत सगळं ऐकून घेतलं.

“मास्तर, मी रागावले नाही,” त्या म्हणाल्या. “पण माझ्यापुढे एका बाजूला एवढा जाड अहवाल आहे. दुसऱ्या बाजूला काय? मच्छीमारांचं तोंडी बोलणं. आणि समजा दगड असता, तरी कंपनी म्हणाली असती, हा त्या पट्ट्यातला कशावरून? पण निदान मला काहीतरी दाखवता आलं असतं. आज सुनावणी संपली की मला माझं मत लिहून टाकावं लागेल.”

“मग आता?”

“आता शोधा.”

“मी?”

“मग कोण? पोलिसांना सांगू, दगड हरवला म्हणून? या दगडांच्या मुलखात?”

मी बाहेर पडलो. शेजारच्या चॅपलच्या पायऱ्यांवर तान्नी हेस्टर गुडघे टेकून ब्रशानं फरशी घासत होती. हेस्टर स्वार्टबोई. अख्ख्या गावाची तान्नी, म्हणजे मावशीच म्हणा. तळलेल्या माशांची गाडी तिची, चर्चच्या गायनात पहिला आवाज तिचा, आणि दर बुधवारी माझ्याकडून एक रहस्यकथा नेणारी ती. शेवटचं पान आधी वाचायची. म्हणायची, खुनी माहीत असला की जेवण गोड लागतं.

“मास्तर, कडेकडेनं जा, ओलं आहे! तोंड का असं उतरलंय? मांजर मेलं का?”

“टाकी रिकामी झाली, तान्नी.”

“अरे देवा,” ती म्हणाली, आणि ब्रश जरा जोरात चालवू लागली.

पहिला संशय मी फ्राउ इर्मगार्डवर घेतला. तिचं अतिथीगृह आमच्या भिंतीला लागून आहे, आणि सगळ्या खोल्या कंपनीच्या माणसांनी भरलेल्या होत्या. तिच्या स्वयंपाकघरात उभा राहून मी टोपी हातात फिरवत होतो.

“फ्राउ इर्मगार्ड, माफ करा, म्हणजे काल तुम्ही...”

“मी दगड चोरला का, असंच ना?” तिनं सुरी खाली ठेवली. “मास्तर, माझ्याकडे लोक शेवंड खायला येतात. ही कंपनीची माणसं! सॉसेज खातात नि मोहरी मागतात. खडक गेला तर मी काय सॉसेजवर म्हातारपण काढू? बसा. चहा घ्या. तुम्ही चौकशी करताना फार वाईट दिसता.”

चहा घेताना तांगेनी हाउफिकू आला. उत्तरेकडचा तरुण, कंपनीचा लोकसंपर्क अधिकारी. पुस्तकं वेळेवर परत करतो, म्हणून माझा लाडका. त्यामुळे त्याला विचारणं आणखीच अवघड.

“मास्तर,” माझं बोलणं संपायच्या आत तो म्हणाला, “मला दगड हवा असता तर कार्डावर नोंद करून नेला असता.”

“पण तुझी कंपनी?”

“कंपनीला टाकीत रस होता खरा. काल मी तान्नी हेस्टरच्या गाडीवर मासे खात होतो, तर आमच्या सुरक्षा प्रमुखांचा फोन. विचारतात, टाकीच्या तळाला खडी आहे का? मी म्हटलं, आहे ना साहेब, चांगला जाड थर आहे! मला वाटलं, त्यांना घरी मासे पाळायचे असतील.”

“मग काय म्हणाले?”

“हसले. म्हणाले, छान, उद्या संध्याकाळी मी स्वतः येतो.” तो थांबला. “का हो? त्यात हसण्यासारखं काय होतं?”

मलाही कळेना. तांगेनी फोनवर बोलतो तेव्हा बंदरापलीकडच्या सील प्राण्यांनाही ऐकू जातं. एवढंच माझ्या मनात आलं, आणि तेही मी सोडून दिलं.

३

फिलेमोन कूपर जुन्या कारखान्याच्या धक्क्यावर बसून दोर गुंडाळत होता. धुकं विरळ झालं होतं. धक्क्याखाली मच्छीमारांचे साठवणीचे पिंजरे लटकत होते. पकडलेली शेवंडं विकेपर्यंत जिवंत राहावीत म्हणून पाण्यात सोडून ठेवतात ते.

“कंपनीनं तुला जहाजावर नोकरी देऊ केली, असं ऐकतो,” मी म्हणालो. हे वाक्य मी वाटभर पाठ केलं होतं.

फिलेमोननं दोर खाली टाकला. “म्हणजे मीच माझा दगड विकला? मास्तर, तुमचे केस पांढरे आहेत म्हणून सोडतो.”

“मी तसं म्हणालो नाही.”

“म्हणालात. पण घाबरत म्हणालात, म्हणून माफ.” तो हसला. “दिली ना नोकरी. मी नको म्हटलं. माझ्या बापानं तिकडे दक्षिणेला, बंदी-मुलखात, हिऱ्यांच्या वाळूत हयात काढली. तिथला नियम माहितेय? खाली खडा पडलेला दिसला तर वाकायचं नाही. हात लावला की चोर. त्यावर टोपी झाकायची, हात वर करायचा नि पहारेकऱ्याला हाक मारायची. म्हातारा सुटीत घरी यायचा, तर चमचा पडला तरी त्याच्यावर टोपी टाकून उभा राहायचा. स्वयंपाकघरात! आई शेवटी वैतागून चमचा काढायची नि त्याच टोपीनं त्याला बडवायची.”

मी हसलो. हसताना काहीतरी डोक्यात टोचलं, पण काय ते हाती येईना. माझं नेहमी असंच होतं. पुस्तकात खुनी कोण हे मला खुनी स्वतः सांगतो तेव्हा कळतं.

“फिलेमोन, चोरानं पाण्याचा ड्रमही रिकामा केला.”

“समुद्राच्या पाण्याचा? समुद्र असा समोर असताना?” त्यानं डोकं खाजवलं. “भलताच तहानलेला चोर दिसतो.” मग त्याचा आवाज उतरला. “मास्तर, हे जहाज आलं की खडक राहत नाही. तळ खरवडून नेतात नि मागे चिखल सोडतात. माझ्या दोन्ही पोरी शेवंडांवर शिकतायत. मला दुसरं काही येत नाही.”

मी मान हलवली आणि निघालो.

४

दुपारी तान्नी हेस्टरनं हाक मारली. तिच्या हाकेला नाही म्हणणारा माणूस गावात अजून जन्मलेला नाही.

“काही खाल्लंय का? नाही ना? या. तपास उपाशीपोटी होत नसतो.”

तिच्या स्वयंपाकघरात घेवड्याचं सूप उकळत होतं. भिंतीवर आब्रामचा, तिच्या नवऱ्याचा, फोटो. आब्राम बंदी-मुलखात कामाला होता आणि तीही, तिथल्या भटारखान्यात. एक दिवस फाटकावरच्या झडतीत त्याच्या विजारीच्या दुमडीत एक खडा सापडला. आब्राम अनेक वर्षं तुरुंगात राहिला. तो खडा हिऱ्याचा होता की साधा, हे शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. सुटून आल्यावर आब्राम दारात बसून वाळूकडे बघायचा, आणि तसाच बसल्या जागी एके दिवशी गेला.

तान्नी पिशवीतून आणखी घेवडा ओतत होती. एक दाणा उडून फरशीवर पडला. ती एकदम थबकली. पाऊल त्याच्या बाजूला आणून ठेवलं आणि तशीच उभी राहिली.

“मास्तर, तेवढा उचला हो. गुडघे गेलेत माझे.”

मी उचलला. तिनं सूप वाढलं.

“मग? टाकीतलं काहीच नाही का राहिलं तुमच्याकडे?” तिनं विचारलं. “काहीच?”

“काही नाही. टेबलाखाली एक कप उपडा पडलाय तेवढा. खाली एक खडा आहे. मी तसाच ठेवलाय.”

डाव हवेतच थांबला. “तसाच ठेवलात?”

“पुस्तकात तसंच करतात, तान्नी.”

“तुमची ती पुस्तकं,” ती हळूच म्हणाली, “एक दिवस तुम्हाला गोत्यात आणणार आहेत बघा. खा. सूप गार होतंय.”

सूप फार छान होतं, हे मला तेव्हा जाणवलंच नाही. आज जाणवतं.

५

परत येताना मी चॅपलच्या पायऱ्यांवर टेकलो. आता त्या कोरड्या झाल्या होत्या, आणि इतक्या स्वच्छ की बसायला संकोच वाटावा.

या पायऱ्या सकाळी तान्नीनं घासल्या. गुडघ्यांवर बसून.

मी उठून उभा राहिलो, पुन्हा बसलो. गुडघे गेले असं म्हणणारी बाई सकाळी तासभर गुडघ्यांवर होती. म्हणजे तिचे गुडघे ठीक आहेत. तिला वाकता येतं. खाली पडलेली वस्तू उचलायला मात्र वाकता येत नाही. फिलेमोनच्या बापासारखं. बंदी-मुलखातून आलेल्या सगळ्यांसारखं. बाप टोपी टाकायचा. टोपी नसलेल्या बाईनं काय टाकलं असतं? हाताला लागेल ते. कप.

मग बाकीचं आपोआप उलगडत गेलं. मला काही करावं लागलं नाही.

पुरावा नष्ट करायला आलेल्या माणसानं टाकीत फिनेल ओतलं असतं आणि निघून गेला असता. या चोरानं तळाची खडी शेवटच्या खड्यापर्यंत निपटून नेली. खडी कोणाला हवी असते? कोणालाच नाही. ती कोणालातरी तिथे नको होती. आदल्या दिवशी तान्नीच्या गाडीपाशी तांगेनी फोनवर ओरडून सांगत होता: खडी आहे, जाड थर आहे! ऐकून पलीकडचा सुरक्षा प्रमुख हसला होता. त्या हसण्याचा अर्थ तांगेनीला कळला नाही, मला कळला नाही, मत्स्यखात्याची परवानगी काढणाऱ्या शहाण्यांना कळला नाही. आम्ही सगळे पिल्लांकडे बघत होतो. हिऱ्यांच्या पट्ट्यातली खडी विनापरवाना ताब्यात ठेवणं हा केवढा गुन्हा आहे, हे अख्ख्या गावात एकाच बाईला हाडामासात माहीत होतं. आणि खडी होती माझ्या ताब्यात. माझ्या सहीसकट.

तिनं मला सांगितलं का नाही? कारण ती मला ओळखत होती. मी कोट चढवून सरळ ठाण्यावर गेलो असतो आणि सार्जंटला म्हणालो असतो, साहेब, माझ्याकडे खडी आहे.

आता राहिला दगड. ड्रममधलं पाणी चोरानं नेलं, कारण त्याला पिल्लं वाटेत जिवंत राहायला हवी होती. धक्क्यापर्यंतची वाट लांब आहे, पण ओझं वाहायला तान्नीची माशांची गाडी होती. आणि आमच्या गावात शेवंड जिवंत ठेवायची जागा एकच.

मी धापा टाकत धक्क्यावर पोचलो. हंगाम संपलेला, त्यामुळे सगळ्या पिंजऱ्यांचे दोर सैल, कोरडे. एकच ओला होता आणि तणावलेला. त्याला निळ्या कापडाची चिंधी बांधली होती, तान्नीच्या जुन्या झग्याची. मी ओढून पाहिला. हलेना.

“फिलेमोन!” मी ओरडलो. एवढ्या मोठ्यानं मी आयुष्यात ओरडलो नव्हतो.

तो धावत आला. दोर बघितला, चिंधी बघितली, माझ्याकडे बघितलं. “मास्तर, हा पिंजरा तर...”

“हो. आणि तुला काही दिसलेलं नाही.”

“मला?” तो दोर ओढू लागला. “मला या धुक्यात माझा हातसुद्धा दिसत नाही.”

धुकं कधीचंच निवळलं होतं. पिंजरा वर आला. दगड होता, गड्डा होता, आणि बेचक्यांत ती काचेची पिल्लं पाय हलवत होती. खडीचा कणही नव्हता. मी फिलेमोनसमोर रडलो असतो, पण तेवढ्यात आठवलं.

कप. कपाखालचा खडा. मीच जपून ठेवलेला.

६

आम्ही दोघं पाण्याची बादली आणि दगड घेऊन पोचलो तेव्हा सुनावणी सुरू झाली होती. सभागृह भरलं होतं. मेमे शिकोंगोंच्या टेबलासमोर एक उंच, टापटीप माणूस उभा होता, कंपनीचा सुरक्षा प्रमुख. बाजूला ठाण्याचा सार्जंट, चेहऱ्यावर सांधे दुखत असल्यासारखा भाव. भिंतीशी तांगेनी, खाली मान घालून.

“हाच तो,” सुरक्षा प्रमुख माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. “या गृहस्थांच्या ताब्यात आमच्या पट्ट्यातला माल आहे. दगडाबरोबर खडीही वर काढलेली आहे. हिऱ्यांच्या कायद्याखाली हा गुन्हा आहे. सार्जंट, बघा.”

मेमे शिकोंगोंनी पेन उचललं. “एक मिनिट. तुमच्या पट्ट्यातला, असं तुम्हाला नक्की माहीत आहे?”

“नक्की. आमच्या गस्तीच्या बोटीनं कूपरला तिथेच पिंजरा ओढताना पाहिलं. दोन बहिणींच्या खडकाशी.”

“शपथेवर सांगाल?”

“आत्ता सांगतो.”

“छान.” त्यांनी शांतपणे लिहिलं. “म्हणजे हा दगड कंपनीनं मागितलेल्या पट्ट्यातलाच आहे, हे कंपनीला मान्य. मास्तर, तो जरा पुढे आणा. ही काय आहेत, चिकटलेली?”

“शेवंडाची पिल्लं,” मी म्हणालो.

“आणि अहवालात काय आहे? सपाट वाळू. जीवसृष्टी नगण्य.” त्यांनी मान वर केली. “आता हे दोन्ही खरं कसं, ते मला कोणीतरी समजावून सांगा.”

सभागृहात आधी कोणी हसलं नाही. मग फ्राउ इर्मगार्ड हसली, आणि मग सगळे. सुरक्षा प्रमुखाचा चेहरा बघून मला त्याची दयाच आली. आम्हाला जे कधी सिद्ध करता आलं नसतं, ते त्यानं शपथेवर सांगून टाकलं होतं.

“पण खडी!” तो म्हणाला. “सार्जंट, खडी शोधा!”

सार्जंटनं बादली पाहिली, दगड पाहिला. “इथे खडी नाही साहेब.”

“दगड बाहेरून आणलाय यांनी. का?”

“पाणी बदलायला नेला होता,” मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं धडधडीत खोटं. कसं आलं तोंडातून, देव जाणे. “जिवंत जिनसांना पाणी बदलावं लागतं. गावात सगळे जिथे ठेवतात तिथेच ठेवला होता.”

“मग खोली बघा! मागची खोली!”

सार्जंट वाचनालयाकडे निघाला. एक खडा पुरे होता. आब्रामलाही एकच पुरला होता. मी त्याच्यामागून दारापर्यंत गेलो आणि चौकटीला धरून उभा राहिलो.

टेबलाखाली कप नव्हता.

सार्जंट वाकला, कपाटाखाली बघितलं, टाकीत हात घालून बघितलं. कप माझ्या टेबलावर बशीत ठेवलेला होता, धुतलेला, अजून ओला. बाजूला चहाची किटली. सुनावणीला चहा करायला गायनातल्या बायका नेहमी माझीच शेगडी वापरतात.

“स्वच्छ आहे,” सार्जंट म्हणाला, आणि मग माझ्याकडे बघून, बऱ्याच मोठ्यानं: “फार स्वच्छ खोली ठेवता तुम्ही, मास्तर.”

मी सभागृहात नजर फिरवली. तिसऱ्या रांगेत तान्नी हेस्टर सरळ बसली होती, मांडीवर स्तोत्रांचं पुस्तक. तिच्या रविवारच्या काळ्या झग्यावर, दोन्ही गुडघ्यांपाशी, माझ्या टेबलाखालची धूळ लागली होती. उजवी मूठ घट्ट मिटलेली.

ती वाकली होती. सगळी हयात जी गोष्ट तिच्या अंगानं करू दिली नाही, जिच्यापायी तिचा नवरा गेला, ती तिनं केली होती. पोलीस दारात असताना. माझ्यासाठी.

७

शेवटी नेहमीप्रमाणे स्तोत्र झालं. तान्नीनं पहिला आवाज लावला. मूठ मिटूनच गायली. मग गर्दीतून एकटी बाहेर पडली. खिडकीतून मला ती धक्क्याच्या टोकाशी दिसली. हात मागे नेला आणि पोरीसारखा जोरात फेकला. काय फेकलं ते एवढ्या लांबून दिसण्यासारखं नव्हतं.

परवान्यातून दोन बहिणींचा खडक वगळला गेला. बाकीच्या पट्ट्यासाठी नव्यानं पाहणी करायला लावली, आणि पाहणीच्या बोटीवर फिलेमोनला वाटाड्या म्हणून घेतलं. तांगेनीनं कंपनी सोडली आणि आता तो मेमे शिकोंगोंच्या खात्यात आहे. फोनवर अजून तसाच ओरडतो.

त्या बुधवारी तान्नी आली. नवी रहस्यकथा उचलून शेवटचं पान उघडलं.

“चांगला आहे का शेवट?” मी विचारलं.

“बरा आहे. कोणी तुरुंगात जात नाही.”

तेवढंच. ती गोष्ट आम्ही दोघांनी कधी काढली नाही. पुढे ती लेकीकडे कीटमान्सहूपला राहायला गेली, आणि तिथून तो एका ओळीचा प्रश्न आला. माझ्या ‘पाणी बदलायला’ या खोट्यावरून तिनं ओळखलं असणार की मला माहीत आहे.

परवा फिलेमोननं येताना बातमी आणली की तान्नीची नजर अधू होत चालली आहे. मोठी अक्षरं अजून वाचते. मी त्याच दुपारी बसलो. हे सगळं, जे वर सांगितलं, मोठ्या अक्षरांत लिहून काढलं. पायऱ्या, घेवड्याचा दाणा, कप, निळी चिंधी. बढाई वाटली तिथे खोडलं नाही. तिला खोडलेलं कळतं.

मग मुख्य ते वेगळ्या कागदावर लिहिलं:

‘तान्नी, तुम्ही माझ्यासाठी वाकलात. त्या दिवसापासून मी मोकळ्या हवेत जे काही वाचलं, ते सगळं तुमचं देणं आहे. उपकार झाले. तुमचा मास्तर, इमानुएल बोइस.’

हा कागद गठ्ठ्याच्या अगदी शेवटी ठेवला, म्हणजे ती पहिल्यांदा तोच वाचेल. पाकीट चिकटवलं, वारा झेलत टपाल कचेरीपर्यंत चालत गेलो, आणि विचार बदलायच्या आत पेटीत टाकून दिलं.